छोट्या आउटबोर्डला (बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन) प्रोपेलर कुठला घ्यावा
आधी इंजिनाचं मॅन्युअल काढा आणि फुल थ्रॉटलला आरपीएमची (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची) रेंज काय दिलीय ते बघा, मग नेहमीइतकी माणसं, पेट्रोल, सामान घेऊन मोकळ्या पाण्यात बोट पूर्ण पळवा आणि टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा मीटर) बघा, रिकाम्या बोटीवर टेस्ट करून खरंच काही कळत नाही. आरपीएम रेंजच्या खाली राहतोय म्हणजे पिच, म्हणजे प्रोपेलर एका फेरीत जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर, जास्त आहे, इंजिन दमतंय. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतो. रेंजच्या वर जात असेल तर उलटं करा. प्रोपेलरवर १०×१३ असं काहीतरी कोरलेलं असतं, पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. खडकाळ उथळ पाण्यात ॲल्युमिनियमच घ्या, स्वस्त पडतो आणि दुरुस्तही होतो.