घरघंटी आली आणि पोराचं पोट ताळ्यावर आलं

पोराला सिलिॲक, म्हणजे गहू आतड्याला बाधण्याचा आजार, निघाला तेव्हा गहू बंद करणं जड गेलं नाही; आमच्या वऱ्हाडात ज्वारीची भाकर रोजचीच. तरी पोट फुगणं, जुलाब थांबेनात. डॉक्टरांनी विचारलं, ज्वारी कुठं दळता? तिथंच गोम होती. गावच्या चक्कीत आधी गहू पडतो, मग आपली ज्वारी. दगडाला चिकटलेलं गव्हाचं पीठ भाकरीत उतरतं, आणि या आजारात तेवढंही आतड्याला बाधतं. हप्त्यावर घरघंटी घेतली. तिच्यात गहू पडू द्यायचा नाही, शेजारीण रुसली तरी! परात, तवा, पोळपाटही वेगळे.

दुसरा चोर निघाला हिंग. डबीमागं बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ लिहिलेलं. आता फोडणी जिरं-लसणाची.

खरा रडवेला प्रसंग गव्हाच्या रोडग्यांच्या पंगतीचा. पोरगं म्हणे, "मी एकटाच भाकर नाही खाणार." मग त्याच्या दोन दोस्तांनाही भाकर बांधून नेली, वांग्याची भाजी घरूनच. तिघं वेगळे बसले, तर बाकीची पोरं भाकर मागायला आली. प्रसादाचा शिरा मात्र चालत नाही. पुजारीबुवा त्याच्या हातावर खोबरं-साखर ठेवतात.