वाळूत गाडी शिकायचीय? आधी टायरची हवा सोडा

महागड्या फोर-बाय-फोरमध्ये बसलं की वाळूची भीती वाटत नाही, आणि घोळ तिथेच होतो. साध्या, खडखडणाऱ्या जीपमध्ये खालची वाळू घट्ट आहे की भुसभुशीत, हे पाठीलाच कळतं. आलिशान गाडी बाहेरचं काहीच आत येऊ देत नाही. त्यामुळे शिकताना निम्मी मेहनत गाडीपलीकडची वाळू ओळखण्यात जाते.

एकट्याने जाऊ नका. सोबत दुसरी गाडी हवीच. शिवाय फावडं, रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या फळ्या, ओढायचा पट्टा, हवेचा पंप, प्रेशर गेज आणि भरपूर पाणी. गाडी ओढण्याची कडी कुठे लावायची, ते घरीच शोधून ठेवा. बऱ्याच गाड्यांत ती जागा बंपरवरच्या छोट्या झाकणाआड असते, आणि गाडी रुतली की नेमकी वाळूखाली जाते. स्टेपनीही पाहून घ्या. ती सडपातळ, तात्पुरती असेल तर वाळूत तिचा भरवसा धरू नका.

आता हवा. रस्त्यावर 32 ते 35 पीएसआय असेल, तर वाळूत उतरण्याआधी चारही टायर 18च्या आसपास आणा. कमी हवेचा टायर रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो आणि रणगाड्याच्या पट्ट्यासारखा वाळूवर टेकतो. वजन जास्त जागेवर वाटलं जातं, म्हणून चाक खणत नाही. 1930च्या सुमारास राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश अधिकारी लिबियन वाळवंटात फिरला तो साध्या टू-व्हील ड्राइव्ह फोर्ड गाड्या घेऊन. टायरची हवा कमी करायची आणि रुतल्यावर चाकाखाली लोखंडी पन्हळी घालायच्या, या युक्त्यांवर त्या गाड्यांनी मोठमोठ्या टेकड्या पार केल्या. माझं मत विचाराल, तर डॅशबोर्डवरच्या सगळ्या बटणांपेक्षा व्हॉल्व्हमधून निघणारी ती 'फुस्स' जास्त कामाची.

आलिशान गाडीची एक अडचण मात्र आहे. 21-22 इंची रिम आणि त्यावर चपटा टायर, म्हणजे पसरायला रबरच कमी. अशा टायरची हवा फार उतरवली आणि जोरात वळलं, तर टायर रिमवरून निसटतो. शक्य असेल तर गाडीला बसणारे लहान रिम आणि उंच टायर घ्या. नसेल तर 20 पीएसआयच्या आसपास थांबा, वेग आवरा आणि स्टिअरिंगला झटके देऊ नका.

बटणांचं काम त्यानंतर. लँड रोव्हरने 2004मध्ये डिस्कव्हरी 3सोबत टेरेन रिस्पॉन्स, म्हणजे जमिनीच्या प्रकारानुसार गाडीचं वागणं बदलणारं बटण आणलं, तेव्हापासून 'सँड' मोड ओळखीचा झाला. त्याचं महत्त्व असं: चाक घसरलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद कापतं. ओल्या रस्त्यावर ते जीव वाचवतं, पण वाळूत नेमक्या चढावर गाडीचा दम काढतं. सँड मोड हा लगाम सैल करतो. तसा मोड नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल स्वतः बंद करा. लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त ताकद देणारे गिअर असतील तर लावा. ऑटो स्टार्ट-स्टॉप आणि आपोआप लागणारा ब्रेकही बंद ठेवा, कारण समोरचा वाळूचा चढ सेन्सरला भिंत वाटू शकतो.

सुरुवात सपाट वाळूवर करा. ॲक्सिलरेटर हळूहळू दाबायचा, एक लय पकडायची आणि ती मोडायची नाही. थांबताना ब्रेक दाबला की चाकांपुढे वाळूचा ढीग जमतो आणि निघताना तोच आडवा येतो. म्हणून पाय काढून घ्या, गाडी आपणच थांबेल. थांबायचं तेही उतारावर, तोंड खाली करून. आणखी एक गंमत: मऊ वाळूत चाकं कुठे वळलीत तेच कळत नाही. स्टिअरिंग सरळ वाटतं आणि चाकं तिरकी असतात. खिडकीतून डोकं काढून बघण्यात कमीपणा नाही.

टेकडीची वाऱ्याकडची बाजू सहसा संथ चढाची आणि घट्ट असते. पलीकडची बाजू 30 ते 34 अंशांत उतरते आणि भुसभुशीत असते. म्हणून माथा आधी पायी चढून बघा. भर दुपारी सावल्या नसल्याने कडा दिसतच नाहीत, तेव्हा सकाळी लवकर निघा. चढाचा वेग पायथ्याशीच घ्या, सरळ चढा आणि माथ्याच्या जरा आधी पाय सैल करा. पाय उशिरा काढला तर गाडी उडते, लवकर काढला तर पोट माथ्यावर टेकतं. हा अंदाज सरावानेच येतो. चढ अर्ध्यात सुटला तर वळायचं नाही. गाडी तिरकी झाली की उलटते. रिव्हर्स टाका आणि आलेल्या चाकोरीतून सरळ मागे या. उतरतानाही नाक सरळ खाली. मागची बाजू सरकू लागली तर ब्रेकऐवजी स्टिअरिंग उताराकडे आणि थोडा ॲक्सिलरेटर.

रुताल, सगळेच रुततात. मी पहिल्यांदा रुतलो तेव्हा 'निघेल, निघेल' म्हणत पाय दाबत राहिलो आणि पाच-सहा सेकंदांत गाडी पोटावर बसली. नंतर पाऊण तास फावडं मारलं. चाक जागच्या जागी फिरतंय असं वाटताच पाय उचला. खाली उतरा, चाकांमागची आणि पोटाखालची वाळू काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय उतरवा आणि आपल्याच चाकोरीतून मागे निघा. नाहीच हललं तर फळ्या, आणि मग दुसरी गाडी. पट्टा कडीलाच लावा, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. पट्टा ताणलेला असताना जवळ कोणी उभं राहायचं नाही.

डांबरी रस्ता लागण्याआधी हवा पूर्ववत भरा. समुद्रकाठी फिरला असाल तर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. आणि परतीच्या वाटेवर स्टिअरिंग थरथरू लागलं तर घाबरून वर्कशॉप गाठण्याआधी थांबून रिमच्या आतल्या बाजूने हात फिरवा. बहुतेक वेळा तिथे मूठभर वाळू थापलेली सापडते.