एक गोधडी, एक पातेलं सूप आणि पस्तीस गाठींची प्रार्थना

प्रार्थनेला वेळ मिळत नाही, ही तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. सकाळ घाईत जाते, संध्याकाळ स्वयंपाकात, आणि रात्री बायबल उघडलं की डोळे मिटायला लागतात. यावर नवं वेळापत्रक आखण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे हात गुंतलेले पण डोकं मोकळं असतं अशी कामं हेरायची आणि प्रार्थना त्यांतच बसवायची. मसूर मंद आचेवर शिजत असतो तो पाऊण तास आणि गोधडीला गाठी मारण्याचं काम, ही जोडी त्यासाठी फार चांगली जमते. आजारी, दुःखात असलेल्या किंवा एकट्या पडलेल्या माणसासाठी मांडीवर घ्यायची छोटी गोधडी आणि सोबत सूप, असं हे काम आहे.

प्रत्येक कामात प्रार्थना होते असं मात्र समजू नका. कापड मोजताना ती होत नाही, कापताना तर नाहीच. कात्री हातात असताना लक्ष कात्रीकडेच असावं, आणि त्यात देवाचा काही अपमान होत नाही.

आधी माणूस ठरवा

गोधडी कुणासाठी, हे कापड काढण्याआधी ठरवा आणि त्या माणसाला विचारा. "तुमच्यासाठी प्रार्थना करत एक गोधडी शिवावी म्हणते, चालेल का?" एवढंच पुरे. अमेरिकेत सॅन दिएगोतल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये 1992 साली अशा गाठींच्या गोधड्यांचं काम सुरू झालं आणि पुढे ते बऱ्याच चर्चमध्ये पसरलं. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याची आधी संमती घ्यायची, हा त्या कामातला नियम आहे. तो मला फार शहाणपणाचा वाटतो. न विचारता केलेली प्रार्थना देवाला चालेल, पण न विचारता दारात आणलेली गोधडी समोरच्याला अवघडून टाकू शकते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावातल्या टबीथाची गोष्ट आहे. ती वारली तेव्हा तिचे गुण सांगायला कुणी भाषण केलं नाही. विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं येशूचा शिष्य पेत्र याला दाखवू लागल्या. शिवण सुरू करण्याआधी तो उतारा एकदा वाचा.

कापड आणि कापणी

48 चौकोन लागतील, प्रत्येक 7 इंचांचा. आडवे सहा, उभे आठ. पाव इंच शिवणीत जाऊन तयार गोधडी साधारण 39 बाय 52 इंचांची होते, म्हणजे मांडीवर घेऊन पाय झाकतील एवढी. नवं कापड घेणार असाल तर 44 इंच पन्ह्याचं सगळं मिळून दीड मीटर पुरतं. जुने सुती शर्ट असतील तर अधिक चांगलं. एका मोठ्या शर्टाच्या पाठीतून सहा चौकोन सहज निघतात. टी-शर्टचं ताणलं जाणारं कापड मात्र घेऊ नका. चौकोनाचा चौकोन राहत नाही आणि शिवताना कडा लाटेसारख्या होतात.

नवं कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि लाल किंवा गडद निळा रंग जायचा असेल तर तो आत्ताच गेलेला बरा. पुठ्ठ्याचा 7 इंचांचा चौकोन कापून घ्या, तो कापडावर ठेवून खडूने रेघा मारा आणि मग कापा.

कात्री कापडाचीच ठेवा. सहाव्या शतकात संत बेनेदिक्त यांनी मठासाठी लिहिलेल्या नियमांत मठाची सगळी भांडी आणि चीजवस्तू वेदीवरच्या पवित्र पात्रांसारख्या मानाव्यात असं सांगितलं आहे. त्या न्यायाने शिवणाच्या कात्रीने मसाल्याची पाकिटं कापणं पापातच जमा व्हायला हवं.

खालच्या बाजूसाठी सुती चादर चालते. मधल्या थरासाठी वॅडिंग, म्हणजे भरावाचा मऊ थर, विकत मिळतं, नाहीतर घरातलं पातळ, स्वच्छ ब्लँकेट घ्या. दोन्ही वरच्या थरापेक्षा सगळीकडून इंचभर मोठे ठेवा.

चौकोन जोडणं

सगळे चौकोन जमिनीवर मांडून बघा. एकाच रंगाचे दोन शेजारी आले तर हलवा, पण यात संध्याकाळ घालवू नका. मग आडव्या ओळी शिवा: दोन चौकोन सुलट बाजूला सुलट बाजू लावून, कडेपासून पाव इंचावर. मशीन असेल तर मशीनवर, नसेल तर बारीक धावदोरा, मध्ये मध्ये एक उलटटीप घालून.

पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे दाबून इस्त्री करा, दुसरीच्या डावीकडे, तिसरीच्या पुन्हा उजवीकडे. दोन ओळी एकमेकींना जोडताना उलट दिशांना दाबलेल्या शिवणी एकमेकींत अडकतात आणि कोपरे आपोआप जुळतात. एवढी एक गोष्ट पाळली तर पहिलीच गोधडीसुद्धा नीटनेटकी दिसते.

आता मधला थर जमिनीवर पसरा. त्यावर अस्तराची चादर सुलट बाजू वर करून ठेवा, आणि तिच्यावर शिवलेला वरचा थर सुलट बाजू खाली करून. हात फिरवून सुरकुत्या काढा, टाचण्या लावा आणि चारी बाजूंनी पाव इंचावर शिवा. एका बाजूला हातभर जागा मोकळी सोडा. जास्तीचं कापड कापा, कोपरे तिरके छाटा, मग मोकळ्या जागेतून सगळी गोधडी बाहेर उलटवा. कोपरे बोथट पेन्सिलीने ढकलून बाहेर काढा. मोकळी जागा हाताने शिवून टाका आणि कडेपासून अर्ध्या इंचावर चौफेर एक टीप मारा. वेगळी पट्टी लावायची गरज उरत नाही.

शेवटी गोधडी पसरून साधारण वीतभर अंतरावर सेफ्टी पिना लावा, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला. चौकोनांचे कोपरे जिथे मिळतात तिथे गाठी येणार आहेत, ती जागा पिनेने अडवू नका.

आता पातेलं चढवा

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातल्या मार्थेला येशूने स्वयंपाक करते म्हणून बोल लावला नाही. ती पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग करते, असं तो म्हणाला. म्हणून आज फक्त सूप. सोबत ब्रेडचे तुकडे असले तर ठीक, पण तिसरा पदार्थ मनात आला की तो तिथेच सोडून द्या.

चार जणांसाठी एक कप अख्खा मसूर (साधारण 200 ग्रॅम), एक मोठा कांदा, दोन गाजरं, दोन टोमॅटो, चार लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे तेल, सहा कप पाणी, मीठ, मिरपूड आणि अर्धं लिंबू घ्या. मसूर निवडून धुवा, भिजवायची गरज नाही. जाड बुडाच्या पातेल्यात कांदा मंद आचेवर मऊ होईपर्यंत परता, दहा मिनिटं तरी. इथे घाई केली तर सूप पाणचट लागतं.

मग बारीक चिरलेला लसूण. मध्ययुगीन युरोपातल्या पाककृतींमध्ये घड्याळाऐवजी प्रार्थनांचं माप सापडतं: एक प्रभूची प्रार्थना म्हणून होईपर्यंत उकळा, अशा धर्तीचं. लसणाला ते माप अजूनही चपखल बसतं. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" पासून सुरू करून सावकाश एकदा म्हटलं की अर्धं मिनिट होतं, लसणाचा वास सुटतो आणि तो करपत नाही. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" हे शब्द तसेही पातेल्याजवळ अधिक खरे वाटतात.

त्यावर गाजराचे तुकडे, मसूर आणि पाणी घाला. उकळी आली की वर येणारा फेस पळीने काढा, आच बारीक करा, झाकण अर्धवट ठेवा. टोमॅटो आत्ता घालू नका; आंबटपणाने मसूर मऊ व्हायला वेळ लागतो. तो 25 मिनिटांनी घालायचा आणि पुढे दहा मिनिटं शिजवायचा. तोवर गोधडीकडे वळा.

पस्तीस गाठी

सहा आणि आठच्या मांडणीत चार चौकोनांचे कोपरे एकत्र येतात अशा जागा पस्तीस: आडव्या पाच, अशा सात ओळी. प्रत्येक जागी एक गाठ.

मोठ्या नाकाच्या सुईत जाड सुती दोरा घ्या. भरतकामाच्या दोऱ्याचे सहाही पदर एकत्र चालतात. कोपऱ्यापाशी वरून खाली सुई घाला आणि पाव इंचावरून पुन्हा वर काढा. टाका तिन्ही थरांतून गेला ना, हे खाली हात घालून चाचपून बघा. मागे कमीत कमी तीन इंच दोरा सोडा आणि तो न कापता पुढच्या कोपऱ्याकडे जा. पाच टाके झाले की प्रत्येक दोन टाक्यांच्या मधोमध दोरा कापा. आता पाचही जागी दोन दोन शेपट्या तयार असतात. उजवी डावीवर, मग डावी उजवीवर. दोन्ही वेळा उजवीच वर घेतली तर गाठ फिरते आणि धुण्यात सुटते. शेपट्या इंचभर ठेवून कापा.

प्रार्थना गाठ आवळताना. ती लांबलचक नको. एका गाठीला एक वाक्य पुरतं: त्या माणसाचं नाव आणि एक मागणं. "प्रभू, आज तिला झोप लागू दे." "त्याच्या आईला धीर दे." मागणी संपली, आणि दहाव्या गाठीपर्यंत बहुतेकांची संपतेच, की स्तोत्रांकडे वळा. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही", हे माझ्याऐवजी त्या माणसाचं नाव घालून म्हणा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत लोकरीच्या गाठींची माळ असते, 33, 50 किंवा 100 गाठींची. प्रत्येक गाठीला "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर" असं म्हणतात. तेच वाक्य पस्तीस वेळा म्हटलं तरी चालेल. तोचतोचपणाची भीती बाळगू नका. मन वीजबिलाकडे गेलं तर पुढची गाठ त्याला परत आणते. गाठींचा उपयोगच तो.

एक ओळ झाली की उठा आणि पातेलं ढवळा. सात ओळी आणि मसूर साधारण एकाच वेळी होतात, हात सरावलेला असेल तर. पहिल्यांदा दोन बैठका लागतील. घरातली मुलं किंवा चर्चमधले सोबती आले तर प्रत्येकाला एकेक गाठ द्या, पण सुई तुम्हीच घाला.

वॅडिंगच्या पाकिटावर टाक्यांमधलं जास्तीत जास्त अंतर छापलेलं असतं. इथे दोन गाठींत साडेसहा इंच आहेत. पाकिटावर पाच इंच म्हटलं असेल तर प्रत्येक चौकोनाच्या मध्यावरही गाठ घ्या. मग एकूण 83 होतात आणि प्रार्थनेला आणखी एक संध्याकाळ मिळते.

टोमॅटो शिजला की मीठ आणि मिरपूड घाला, पळीने मसूर थोडा ठेचा म्हणजे सूप दाट होईल, आणि गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा.

देताना

पुनरुत्थानानंतर येशू सरोवराच्या काठी शिष्यांना भेटला तेव्हा त्याने आधी विस्तवावर मासळी आणि भाकर तयार ठेवली आणि "या, न्याहारी करा" म्हणाला. पेत्राला विचारायचं ते त्याने न्याहारी झाल्यावर विचारलं. हा क्रम पाळा. आधी सूप गरम करून द्या, गोधडी मांडीवर ठेवा, गाठी कशाच्या आहेत ते दोन वाक्यांत सांगा. प्रवचन नको. गोधडीवर मोठं वचन भरायचा मोहही टाळा. समोरचा माणूस सध्या देवावर रागावलेला असेल तरी त्याला ती पायावर ओढून घेता आली पाहिजे.

पथ्य आणि ॲलर्जी आधी विचारून ठेवा. सूप शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. तिथे ते तीन-चार दिवस टिकतं. गोधडी थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवायला सांगा, आणि एखादी गाठ सुटली तर तुमच्याकडे पाठवायला. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना ही गोधडी पांघरू नये: मोकळ्या पांघरुणाने श्वास अडू शकतो आणि दोऱ्याच्या शेपट्या तोंडात जातात.

आणि सूप अशाच डब्यात न्या की तो डबा परत मागायची गरज पडणार नाही.