केनियात मुलींच्या शाळेत शिकवायला निघालात? आधी या चुका टाळा

सातारा, कराड, वाई भागातली बी.एड. झालेली, दोन-चार वर्षं शिकवलेली मुलंमुली हल्ली भेटली की विचारतात, "परदेशात स्वयंसेवक म्हणून शिकवायला जायचंय. केनियात मुलींच्या हायस्कूलमध्ये संधी आहे म्हणतात. जाऊ का?" जरूर जा. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. इथून कुणी मुलींना शिकवायला निघालं तर आनंदच आहे. फक्त एवढं मनाशी पक्कं असू द्या की त्या मुलींना परीक्षा द्यायची आहे, त्यांच्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून फी भरली आहे, आणि आपण मध्येच येऊन मध्येच जाणार आहोत. आपण चुकलो तर भुर्दंड त्यांना पडतो.

पहिली चूक तारखांची. आपण आपल्या सुट्टीच्या हिशोबाने तिकीट काढतो. केनियात शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि त्याची तीन सत्रं असतात. एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये सुट्टी असते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात केसीएसई ही शालान्त परीक्षा. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर शाळा परीक्षेत बुडालेली असेल आणि तुमच्यासाठी वर्ग मिळणार नाही. मे महिना सोयीचा वाटतो, कारण तेव्हा त्यांचं दुसरं सत्र चालू असतं. पण जूनमध्ये आपली शाळा उघडते म्हणून परतलात तर त्यांचा भाग अर्धवट राहतो. बिनपगारी रजा घेऊन एक आख्खं सत्र देता येत असेल तरच वर्ग हातात घ्या. महिनाभरच जमणार असेल तर जादा तास, वाचनाचा तास, प्रयोगशाळेतली मदत एवढंच मागून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी चूक कागदपत्रांची. "पगार घेणार नाही, मग परवाना कशाला?" असं म्हणून पर्यटक म्हणून जाणारे आहेत. 2024 पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली. ती पटकन मिळते, म्हणून तिच्यावरच शिकवता येईल असा समज होतो. विनामोबदला काम हेही कामच, त्याला वेगळा पास लागतो. शिवाय तिथे शिकवणाऱ्यांची नोंदणी टीचर्स सर्व्हिस कमिशनकडे होते. हे सगळं कोण करणार, शाळा की मधली संस्था, ते निघण्याआधी लेखी घ्या. मधली संस्था हजारो रुपये घेत असेल तर त्यातले शाळेला किती पोचतात हे विचारायला लाजू नका. मुख्याध्यापिकेशी एकदा थेट बोलणं करून द्या म्हणा. टाळाटाळ झाली तर तो नाद सोडा. पोलिसांकडचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेतून काढून ठेवा. मुलींच्या शाळेने तो मागितला तर वाईट वाटून घेऊ नका. न मागणाऱ्या शाळेचीच जास्त चौकशी करा.

लस अगदी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस प्रवासाआधी निदान 10 दिवस घ्यावी लागते आणि ती ठरलेल्या सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, गल्लीतल्या दवाखान्यात नाही. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर केनियातून परत येताना भारतातल्या विमानतळावर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. सामान भरतानाही एक लक्षात ठेवा: केनियात 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे. आईने प्रेमाने दिलेला चिवडा, लाडू, मेतकूट डब्यात किंवा कापडी पिशवीत न्या.

आता वर्गात जाऊ. सर्वांत जास्त गडबड इथेच होते आणि तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही.

गणिताच्या तासाला आपण सवयीने फळ्यावर 1,00,000 लिहितो आणि "वन लाख" म्हणतो. मुली वहीत उतरवून घेतात आणि गोंधळतात, कारण त्यांच्या पुस्तकात हीच संख्या 100,000 अशी असते. लाख आणि कोटी त्यांच्या शिकण्यात नाहीतच. व्याजाची, लोकसंख्येची, अंतराची सगळी उदाहरणं या एका स्वल्पविरामावर अडतात. जाण्याआधी महिनाभर आपल्याच वहीत तशा संख्या लिहायचा सराव करा. रुपयाऐवजी शिलिंग घ्या. आपल्याकडची उदाहरणं मात्र सगळीच टाकून देऊ नका. पश्चिम केनियात ऊस आहे, मका आहे, केरिचोच्या बाजूला चहाचे मळे आहेत. उसाचं टनेज, वाहतुकीचा खर्च, कारखान्याचा उतारा यांवरची शेकडेवारी कराडच्या पोरांना जशी कळते तशी तिथेही कळेल.

दुसरी अडचण शांततेची. "समजलं का?" विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "यस, टीचर" म्हणतो. आपल्याकडच्या मुलीही तेच करतात, तरी परदेशात गेलं की आपण त्या होकारावर विश्वास ठेवतो. तो प्रश्नच विचारू नका. एक उदाहरण द्या, खडू खाली ठेवा, बाकांमधून फिरा आणि वह्या बघा. कुठे अडलंय ते पाच मिनिटांत दिसतं. तरीही वर्ग गप्प असेल तर आपला वेग बघा. आपलं इंग्रजी चुकीचं नसतं, पण ते त्यांच्या कानाला नवं असतं. मुख्य शब्द बोलण्याआधी फळ्यावर लिहा. मुलींना जोडीने स्वाहिलीत चर्चा करू द्या आणि उत्तर इंग्रजीत घ्या.

अभ्यासक्रमही आधी मागवून घ्या. तिथे 8-4-4 (आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक, चार विद्यापीठ) ही जुनी रचना जाऊन नवी येते आहे. तुमच्या वर्गाला जुनी लागू की नवी, हे विषय-शिक्षिकेला विचारल्याशिवाय एकही पाठ-टाचण काढू नका. ती शिक्षिका तुमच्या आधीपासून तिथे आहे आणि नंतरही राहणार आहे. मुलींसमोर तिची पद्धत खोडून काढलीत तर तुम्ही गेल्यावर तिचा वर्गावरचा वचक जातो. छडी उगारलेली दिसली तर गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. केनियात शारीरिक शिक्षा कायद्याने बंद आहे. पण ते मुख्याध्यापिकेकडे, दार लावून बोला.

मुलींच्या वसतिगृहाची शाळा असेल तर आणखी सांभाळायला हवं. हुशार, गरीब मुलगी दिसते, जीव तुटतो आणि आपण म्हणतो, "तुझी फी मी भरीन." पुढच्या वर्षी आपलीच ओढाताण झाली की ती मुलगी अधांतरी राहते, आणि बाकीच्या मुली आपण कुठे कमी पडलो हे शोधत बसतात. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांच्या बोर्डिंगसाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, ते सगळ्या मुलांच्या जेवणासाठी, एकट्यादुकट्यासाठी नाही. पैसे द्यायचेच असतील तर शाळेच्या फी-साहाय्य निधीत पावती घेऊन द्या. सॅनिटरी पॅडच्या बॅगा इथून वाहून नेण्याआधीही शाळेला विचारा. शाळकरी मुलींना ते मोफत देण्याचा कायदा केनियात 2017 मध्ये झाला. तुटवडा असलाच तर तिथल्या बाजारात घेतलेले बरे पडतात.

मुलींचे फोटो स्टेटसला टाकू नका. खासगी नंबर देऊ नका. पुरुष स्वयंसेवकाने एकट्या मुलीला बंद खोलीत शिकवू नये, अगदी शंका-निरसनालासुद्धा. आणि एखादी मुलगी घरच्या मारझोडीबद्दल किंवा ठरवलेल्या लग्नाबद्दल बोलली तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ऐकून घ्या, तपास करायला जाऊ नका. शाळेत समुपदेशन बघणारी शिक्षिका असते, त्याच दिवशी तिला सांगा. आपल्याकडे 1098 आहे तशी केनियात मुलांसाठी 116 ही मोफत हेल्पलाइन आहे.

निघायच्या आधी काय शिकवून झालं, काय राहिलं आणि कोणत्या मुली कुठे अडतात हे लिहून विषय-शिक्षिकेच्या हातात द्या. निरोपसमारंभापेक्षा ही वही तिला जास्त उपयोगी पडेल.

घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर अंगावर काढू नका. आपल्याकडे पावसाळ्यात ताप म्हटलं की डॉक्टर आधी डेंग्यूचा विचार करतात. त्यांना आपणहून सांगा, "मी केनियातून आलोय, मलेरियाची तपासणी करा." व्हिक्टोरिया सरोवराच्या भागात राहिला असाल तर ही तपासणी ताप आला त्याच दिवशी करून घ्या.