फुटबॉलच्या हंगामात कादंबरी कशी वाचायची

ऑगस्टमध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू झाली की वाचन बंद पडतं ते थेट मे महिन्यापर्यंत, अशी तक्रार माझ्या दुकानात येणारी पोरं करतात. माझं मेडिकल आहे कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. रात्री दहाला शटर ओढतो. माझी टीम लंडनची आर्सेनल, म्हणजे २०२३, २०२४, २०२५ अशी तिन्ही वर्षं लीगमध्ये दुसरा नंबर बघितलेला माणूस. तरी माझ्या कादंबऱ्या हंगामातच जास्त वाचून होतात.

आधी घड्याळ समजून घ्या. इंग्लंडात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागं घेतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढं. आपलं घड्याळ जागचं हलत नाही. म्हणून शनिवारची तिथली दुपारी तीनची मॅच आपल्याकडं आधी साडेसातला असते, हिवाळ्यात साडेआठला. (ही तीनची मॅच खुद्द इंग्लंडात टीव्हीवर दाखवत नाहीत. आपण बघतो, ते बघत नाहीत!) चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेची, उशिराची मॅच साडेबाराची दीडला जाते. या दीडला लोक शिव्या घालतात. मला तीच वेळ सोन्यासारखी वाटते. शटर दहाला, जेवण साडेदहाला, मग अकरा ते दीड कोण खोकल्याचं औषध मागायला येत नाही. तेवढ्यात झोपून गजर लावायचा बेत करू नका. गजर बंद करून माणूस परत झोपतो, मग मॅचही जाते आणि पुस्तकही. वाचत बसा, आणि गजर एक वीसचा लावा, कारण पुस्तक चांगलं असेल तर किकऑफ निघून जातो.

आता त्या अडीच तासांत काय वाचायचं? विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' अशाच रात्रीसाठी आहे. १९३९ सालची बारीकशी कादंबरी. युरोपातून हिंदुस्थानकडं निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि चक्रधर-हॅर्टाचं प्रेम. बंदर येणार आणि सगळं संपणार हे पानापानावर ठाऊक असतं. तसल्या पुस्तकावरून उठून थेट मॅच लावली तर घालमेल तीच राहते, फक्त माणसं बदलतात. नेमाड्यांचं 'कोसला' मात्र मॅचच्या रात्री उघडू नका. पांडुरंग सांगवीकरची बडबड एकदा कानात बसली की समालोचक ऐकू येत नाही. ते ठेवा इंटरनॅशनल ब्रेकला. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान आणि मार्चमध्ये खेळाडू आपापल्या देशाकडून खेळायला जातात, तेव्हा लीग बंद असते. लोक त्या दिवसांत ट्रान्सफरच्या अफवा वाचतात. त्यापेक्षा नेमाडे बरे.

हरलेल्या रात्री उद्धव शेळक्यांची 'धग' अजिबात नको. कौतिकचे हाल वाचून आपलं दुःख हलकं होईल असं वाटतं, पण होत नाही. तिथं खरंच पोटाला नाही, आणि आपण एका कॉर्नरवर खाल्लेल्या गोलासाठी तोंड पाडून बसलोय, याचीच लाज वाटायला लागते. हरल्यावर वाचायचं ते आधी वाचलेलं, आवडतं एखादं प्रकरण. नवीन काही नको. जिंकल्यावर तर पुस्तकाला हातच लावू नका. एप्रिल २०२५ मध्ये आमच्या डेक्लन राइसनं रिअल माद्रिदवर दोन फ्री-किकचे गोल मारले, ३–० झालं, तेव्हा पहाटे मी पुस्तक उघडलं असतं तरी ओळी दिसल्या नसत्या.

हाफटाइमचंही तेच. पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली पाच चहात जातात, उरलेल्या दहात तेच पान दोनदा वाचलं जातं. गॅलरीत जाऊन उभं राहा.

आता मुख्य गोष्ट. ज्याला मॅच नीट बघायची आहे आणि कादंबरीही नीट वाचायची आहे, त्यानं एक सवय लावून घ्यावी: चेंडू नसलेला माणूस बघायचा. मी पूर्वार्धात दहा मिनिटं फक्त आर्सेनलच्या बचावातल्या सलिबाकडं बघतो. चेंडू पलीकडच्या गोलपाशी असताना तो मधल्या रेषेजवळ काय करतो? दोन पावलं डावीकडं सरकतो, हात करून शेजारच्याला पुढं ढकलतो, मान सारखी वळवतो. टीव्हीवर तो मधेमधे फ्रेमबाहेर जातो, तेव्हा परत दिसल्यावर कुठून कुठं आला ते मनात जोडायचं. अर्ध्या तासानं समोरचा आघाडीपटू पळत सुटतो आणि सलिबा आधीच तिथं उभा असतो. लोक म्हणतात नशीब. तुम्ही ती दोन पावलं बघितलेली असतात.

आता हाच डोळा घेऊन 'बनगरवाडी' वाचा. माडगूळकरांची १९५५ ची. धनगरांच्या वाडीवर आलेला मास्तर गोष्ट सांगतोय म्हणून सगळे मास्तरच्या मागं जातात. तुम्ही एक आठवडा फक्त आनंदा रामोशाकडं बघा. तो कधी येतो, काय उचलतो, कोण त्याला काय बोलतं, कोण काहीच बोलत नाही. मग कारभारी. मग आयबू. ज्यांना 'तिथं काही घडतच नाही' असं वाटतं, ते लोक ०–० मॅचही अर्धवट सोडून झोपतात. दुष्काळ येतो तेव्हा कुठलं घर आधी हलणार, हे नुसत्या मास्तरकडं बघून कळत नाही.

खुणेसाठी पुस्तकाचा कोपरा दुमडू नका, विशेषतः करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेलं असेल तर. मी दुकानात येणाऱ्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापतो. पट्टीवर पान, तारीख आणि त्या रात्रीचा स्कोअर. नंतर पुस्तक आठवायचं झालं की आधी मॅच आठवते आणि तिच्या मागं पान येतं.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या आपल्या कोल्हापुरी तालमींची मॅच असेल त्या दिवशी यातलं काही चालत नाही. पुस्तक घरी ठेवून जा. तिथून आल्यावरही चहाच्या गाड्यावर पेठेची ईर्षा रात्रीपर्यंत पुरते, घसा बसलेला असतो, आणि ज्याच्याशी वाद झाला तोच सकाळी दुकानात गोळी मागायला येतो.

फेब्रुवारीत चॅम्पियन्स लीगची बाद फेरी लागली की हिशोब बदला. बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढं, हा नियम युएफानं (युरोपातल्या फुटबॉलची संघटना) २०२१ साली काढून टाकला, त्यामुळं दोन्ही मॅच मिळून बरोबरी झाली की सरळ जादा वेळ. दीडची मॅच साडेतीनला संपण्याऐवजी टायब्रेकर धरून सव्वाचारपर्यंत जाते. अशा रात्री लहान प्रकरणांचंच पुस्तक घ्या, बाराला मिटा आणि तासभर पाठ टेकवा. दुकान सकाळी नऊला उघडावंच लागतं.