या चुका टाळा: स्टार फुटबॉलपटूशी करार करताना आकडा नाही, तारीख बघा

दिवसभर करारपत्रं वाचणं हा माझा धंदा आणि रात्री युरोपातलं फुटबॉल हे व्यसन. एखाद्या बड्या खेळाडूची बोलणी फिसकटली की मित्र पगाराचा आकडा शोधतात, मी कलम शोधतो. नुसत्या आकड्यावरून तुटलेले करार मी कमीच पाहिलेत. घोडं पेंड खातं ते तारखेपाशी, नाहीतर एखाद्या ढिसाळ शब्दापाशी.

चूक: 'हंगामाअखेर' म्हणायचं आणि तारीख टाकून मोकळं व्हायचं

14 ऑगस्ट 2020 ला लिस्बनमध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिकने मेस्सीच्या बार्सिलोनाचा 8-2 असा धुव्वा उडवला. अकरा दिवसांनी मेस्सीचा बुरोफॅक्स क्लबच्या दारात. बुरोफॅक्स म्हणजे स्पेनमधली रजिस्टर एडीच समजा. फक्त पत्र पोचलं याच्याबरोबर आत काय लिहिलं होतं याचाही पुरावा राहतो. 2017 च्या करारात मेस्सीला हंगामाअखेर फुकट, म्हणजे नव्या क्लबने पैसे न भरता, क्लब सोडायची मुभा होती. ती वापरायची तर 10 जूनपर्यंत कळवायला हवं होतं, असं क्लबचं म्हणणं. कोविडमुळे हंगामच ऑगस्टपर्यंत लांबला, मग मुदतही लांबली, असं मेस्सीचं.

आता कॅलेंडर बघा. मार्चपासून बंद पडलेली ला लिगा, म्हणजे स्पेनची मुख्य लीग, पुन्हा सुरू झाली 11 जूनला. म्हणजे हंगाम संपल्यावर घ्यायच्या निर्णयाची मुदत, हंगामाचा उरलेला भाग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी संपली! लीगने क्लबची बाजू घेतली आणि 70 कोटी युरोंचं रिलीज कलम (ठरलेली रक्कम भरून खेळाडूला सोडवून न्यायची अट) लागू असल्याचं सांगितलं. 4 सप्टेंबरला मेस्सीने राहत असल्याचं जाहीर केलं, कारण या क्लबला कोर्टात खेचायची त्याची तयारी नव्हती. 'हंगाम संपला की तू ठरव' असं क्लबचे अध्यक्ष आपल्याला सांगत आले होते, हेही तो बोलला. तोंडी सांगत आले होते, हे लक्षात घ्या.

दुरुस्ती अवघड नाही. नुसतं '10 जून' लिहू नका. '10 जून किंवा हंगामातल्या शेवटच्या अधिकृत सामन्यानंतरचा दहावा दिवस, यांपैकी जे नंतर येईल ते' असं लिहा. मुदत जवळ आली आणि समोरचा 'बघू रे, घाई काय' म्हणाला, तर त्याच संध्याकाळी लेखी पत्र पाठवा. संबंध बिघडतील म्हणून पत्र न पाठवणारे लोक मी घरभाड्याच्या करारातही रोज बघतो. शेवटी संबंधही जातात आणि डिपॉझिटही.

एम्बापेने ही चूक केली नाही. करार 2025 पर्यंत वाढवायचं पर्यायी वर्ष आपण घेणार नाही, हे त्याने पीएसजी या पॅरिसच्या क्लबला जून 2023 मध्येच पत्राने कळवलं. त्या उन्हाळ्यात क्लबने त्याला जपान दौऱ्यातून वगळलं, पण त्याचा हक्क शाबूत राहिला. घोळ झाला तो नंतरच्या समेटात. फुकट जाणार असशील तर काही रकमांवर पाणी सोडीन, असं त्याने कबूल केल्याचं क्लबचं म्हणणं, आणि असं काही ठरलंच नाही असं त्याचं. तो रेआल माद्रिदला गेल्यावर फ्रेंच लीगच्या समितीने सप्टेंबर 2024 मध्ये सुमारे 5.5 कोटी युरो देण्याचा आदेश पीएसजीला दिला. त्या समेटाचा सहीचा एक कागद असता तर वादच उरला नसता. तेरा वर्षांच्या मेस्सीला घेणार, हे बार्सिलोनाच्या कार्लेस रेशाकने डिसेंबर 2000 मध्ये साध्या कागदी रुमालावर लिहून दिलं होतं. त्यावरही तारीख होती, सही होती आणि साक्षीदारांची नावंही होती.

चूक: कलमात रक्कम आहे, पुढे काय ते नाही

2013 मध्ये आर्सेनलने सुआरेझसाठी लिव्हरपूलला 4,00,00,001 पौंडांची बोली दिली. वरचा तो एक पौंड सुआरेझच्या करारातल्या, 4 कोटींहून जास्त बोलीच्या कलमासाठी होता. लिव्हरपूलने सरळ नाही म्हटलं. कलम होतं, पण आम्ही विकायचंच नाही असं ठरवलं, हे मालक जॉन हेन्री यांनी पुढच्या वर्षी उघड सांगितलं. खेळाडूच्या बाजूने बसला असाल तर विचारा: बोली आली की क्लबने विकायलाच हवं, की नुसती चर्चा करायची? किती दिवसांत? शेजारी नेमारचं उदाहरण ठेवा. ऑगस्ट 2017 मध्ये कलमातले 22.2 कोटी युरो बार्सिलोनाच्या हाती पडले आणि विषय संपला. क्लबची इच्छा कुणी विचारली नाही. क्लबसाठी धडा उलटा आहे. 'एवढे कोण देणार' म्हणून टाकलेला आकडा कुणीतरी देतंच.

चूक: शेवटच्या सहा महिन्यांत जागं होणं

फिफाच्या नियमानुसार करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करू शकतो, आणि युरोपीय न्यायालयाच्या 1995 च्या बोसमान निकालापासून युरोपात जुन्या क्लबला त्याचा छदामही मिळत नाही. आर्सेनलचे सांचेझ आणि ओझिल दोघांचे करार 2018 च्या उन्हाळ्यात संपणार होते. जानेवारीत सांचेझ मँचेस्टर युनायटेडला गेला. मग हातातला दुसराही निसटेल या धास्तीने ओझिलला आठवड्याला साडेतीन लाख पौंड दिल्याच्या बातम्या आल्या. ऑक्टोबर 2020 मध्ये त्याच ओझिलला आर्सेनलने प्रीमियर लीगसाठीच्या खेळाडूंच्या यादीतही घेतलं नाही.

चूक: सहीआधी नोंदणीची खात्री न करणं

मला सगळ्यात जास्त चुटपुट लावणारी ही. मेस्सीचा करार 30 जून 2021 ला संपला. त्यानंतर पगार निम्मा करून नवा करार करायला तो तयार होता, क्लबही तयार होता. 5 ऑगस्टला कळलं की ला लिगाच्या आर्थिक नियमांत त्याची लीगकडची नोंदणीच बसत नाही, आणि नोंदणीशिवाय मैदानात उतरता येत नाही. मेस्सीशिवायही पगारखर्च उत्पन्नाच्या 95 टक्के आहे, असं अध्यक्ष लापोर्ता यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. हे गणित मार्चमध्ये मांडता आलं असतं. पगारमर्यादा असलेल्या लीगमध्ये बोलणीच्या टेबलावर एजंटाच्या आधी हिशोबनीस बसवा.

तोंडाचंही एक सांगून टाकतो. बायर्नच्या अलाबाच्या नव्या कराराची बोलणी चालू असताना क्लबचे माजी अध्यक्ष उली हेनेस टीव्हीवर त्याच्या एजंटाला 'पैशाला हपापलेला पिरान्हा' म्हणाले. 2021 मध्ये अलाबा माद्रिदला गेला, फुकट.

वेळ निघून गेलीच असेल तर

तरी कॅलेंडर उघडा. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डचा लिव्हरपूलशी करार 30 जून 2025 ला संपणार होता, त्यानंतर एक पैसाही मिळणार नव्हता. पण रेआल माद्रिदला तो क्लब वर्ल्ड कपसाठी हवा होता, आणि ती स्पर्धा सुरू होत होती 14 जूनला. लिव्हरपूलने त्याला 1 जूनपासून मोकळं केलं आणि, बातम्यांनुसार, त्या एका महिन्याचे सुमारे 1 कोटी युरो घेतले.