मध्यम किमतीचा स्मार्टफोन पारखताना या चुका टाळा

फोनच्या जाहिरातीतील प्रत्येक मोठ्या आकड्याला एक अट जोडलेली असते आणि ती अट बहुधा पानाच्या तळाशी, तारांकनापुढे, बारीक टाइपात असते. महागड्या फोनमध्ये ही अट आणि रोजचा वापर यांतील अंतर तुलनेने कमी असते, तर अगदी स्वस्त फोनकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नाही. मधल्या गटातील फोनमध्ये मात्र कंपनीला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो आणि तो नेमका कुठे घेतला आहे हे ओळखणे हेच खरे मूल्यमापन होय. घडण, डिस्प्ले आणि बॅटरी या तीन बाबी तपासताना ग्राहक, आणि कित्येकदा परीक्षण लिहिणारेही, ज्या चुका वारंवार करतात त्यांचा येथे विचार केला आहे.

घडण पाहताना

दुकानात हाताळायला मिळतो तो उघडा फोन. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी त्यावर कव्हर चढते, काचेवर टेम्पर्ड ग्लास बसते आणि १९० ग्रॅमचा म्हणून घेतलेला फोन सव्वादोनशे ग्रॅमच्या घरात जातो. ज्या पाठीच्या चकाकीवर मन गेलेले असते ती तर कव्हरखाली झाकलीच जाते. त्यामुळे फोन शक्यतो कव्हरसह हातात घ्यावा, एका हाताने धरून अंगठा कुठवर पोहोचतो ते पाहावे आणि टेबलावर ठेवून टाइप करताना कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो डगमगतो का, तेही तपासावे. पाठ प्लॅस्टिकची आहे म्हणून फोन कमी दर्जाचा ठरवणे मला सर्वस्वी अनाठायी वाटते. प्लॅस्टिक वजनाला हलके असते, पडल्यावर तडकत नाही आणि त्यावर वाचलेला खर्च कंपनीने चांगल्या डिस्प्लेवर केला असेल, तर तो सौदा ग्राहकाच्या फायद्याचाच असतो. पाठीवरील कॅमेऱ्याच्या गोल कड्या मोजण्यातही अर्थ नाही, कारण त्यांपैकी एखाद्या कडीत २ मेगापिक्सेलचा, क्वचितच उपयोगी पडणारा कॅमेरा असतो आणि एखादीत केवळ फ्लॅश.

काचेच्या नावावर विसंबणे ही याच जातीची आणखी एक चूक आहे. कणखर काच तयार करताना ती वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवली जाते, काचेतील सोडियमच्या आयनांची जागा आकाराने मोठे असलेले पोटॅशियमचे आयन घेतात आणि त्यामुळे पृष्ठभागावर दाब निर्माण होऊन काच सहजासहजी तडकत नाही. पण तडकण्याला विरोध आणि ओरखड्याला विरोध हे दोन वेगळे गुण आहेत. वाळूतील क्वार्ट्झचे कण काचेपेक्षा कठीण असतात, त्यामुळे खिशातील धूळ कोणत्याही पिढीच्या काचेवर चरे पाडू शकते. जाहिरातीत काचेची पिढी दिलेली नसेल आणि केवळ ब्रँडचे नाव असेल, तर ती जुनी असण्याची शक्यता गृहीत धरावी.

पाण्यापासून संरक्षणाच्या आकड्यांबाबत गैरसमज सर्वाधिक आहेत. आयपी मानांकनातील पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो. आयपी६४ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि शिंतोडे सोसतील, एवढेच. आयपी६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे, तर आयपी६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवून जाहीर करते, म्हणून दोन फोनचे आयपी६८ सारखे असतीलच असे नाही. शिवाय बुडवण्याची चाचणी उत्तीर्ण झालेला फोन पाण्याच्या जोरदार धारेलाही टिकेल, असे मानांकन म्हणत नाही. त्यासाठी वेगळा अंक असतो. या चाचण्या नव्या फोनवर आणि गोड्या पाण्यात होतात. समुद्राचे पाणी, साबण आणि पोहण्याच्या तलावातील क्लोरीन यांचा त्यांत समावेश नसतो, आणि फोन पडून चौकट किंचित वाकली की आतील सील पूर्वीसारखे राहत नाही. पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसते का, हा प्रश्न आयपीच्या आकड्यापेक्षा आधी विचारावा. उत्तर बहुधा नकारार्थी येते. एमआयएल-एसटीडी-८१० या अमेरिकी लष्करी मानकाचा उल्लेखही जपून वाचावा. त्यात अनेक चाचण्या आहेत, त्यांपैकी कोणत्या घ्यायच्या हे कंपनी निवडते आणि त्या यादीवर लष्कराचा शिक्का नसतो.

कागदावर कुठेच न दिसणारी एक काटकसर येथे सांगायला हवी. काही मध्यम किमतीच्या फोनमध्ये कानाजवळ नेल्यावर स्क्रीन बंद करणारा स्वतंत्र सेन्सर नसतो, तर ते काम ध्वनिलहरी आणि सॉफ्टवेअर यांच्या आधारे केले जाते. ते नीट जमले नाही की बोलता बोलता गालाचा स्पर्श होऊन कॉल म्यूट होतो किंवा होल्डवर जातो. फोन घेण्यापूर्वी एक कॉल लावून, फोन दोन-चार वेळा कानाजवळ नेऊन दूर करावा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

डिस्प्ले: सर्वाधिक फसगत येथेच

‘४५०० निट्स’ (निट हे पडद्याच्या चमकेचे एकक) असा आकडा वाचून फोन उन्हात लख्ख दिसेल असे मानणे ही आजची सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. ओएलईडी पडद्यावर प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशतो आणि सर्व पिक्सेलना मिळून वापरता येणारी वीज मर्यादित असते. पडद्याचा अगदी लहानसा भाग उजळायचा असेल तर त्या मोजक्या पिक्सेलना भरपूर वीज देता येते, आणि जाहिरातीतील कमाल आकडा अशाच लहान चौकोनावर मोजलेला असतो. उन्हात नकाशा किंवा मेसेज वाचताना जवळजवळ सगळा पडदा पांढरा असतो. त्या वेळची चमक पुष्कळच कमी असते. त्यासाठी पाहायचा तो एचबीएम, म्हणजे हाय ब्राइटनेस मोडचा आकडा. तो अनेक कंपन्या तपशिलाच्या यादीत देतात, पण मोठ्या अक्षरांत छापत नाहीत.

यातही एक मेख आहे. हा मोड पुष्कळ फोनमध्ये ऑटो ब्राइटनेस चालू असतानाच आणि सेन्सरवर कडक प्रकाश पडल्यावरच सुरू होतो. ऑटो ब्राइटनेस बंद करून पट्टी हाताने शेवटपर्यंत सरकवली तर कित्येक फोन ५०० निट्सच्या आसपासच थांबतात. ‘उन्हात काहीच दिसत नाही’ अशी तक्रार आली की सर्वप्रथम हीच सेटिंग पाहावी. याउलट, सुरुवातीला स्वच्छ दिसणारा पडदा काही मिनिटांनी मंद होत असेल, तर तो बिघाड नसून फोन तापल्यामुळे चमक आपोआप कमी केली जात असते. म्हणून उन्हातील चाचणी दहा सेकंदांत उरकू नये. पाच-सात मिनिटे कॅमेरा किंवा नकाशा चालू ठेवावा आणि मग पडदा वाचता येतो का, ते पाहावे.

दुकानातील डेमो व्हिडिओवरून रंगांचा निर्णय करणे तितकेच फसवे असते. काळ्या पार्श्वभूमीवर गडद फुले, मासे आणि रंगांचे फवारे दाखवणारे ते व्हिडिओ ओएलईडीच्या बलस्थानांसाठीच रचलेले असतात. त्याऐवजी एक कोरे पांढरे पान उघडावे, फोन डावी-उजवीकडे कलवावा आणि पांढऱ्यावर निळसर किंवा हिरवट छटा चढते का, ते पाहावे. त्यानंतर डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये ‘नॅचरल’ रंग निवडून माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र बघावे. दोषयुक्त पॅनेल हमखास उघडे पाडणारी चाचणी अंधारात होते: ब्राइटनेस सर्वांत कमी ठेवून जवळजवळ काळ्या वाटणाऱ्या गडद राखाडी रंगाचे चित्र पूर्ण पडद्यावर उघडावे. चांगल्या पॅनेलवर ते एकसारखे दिसते. कमी प्रतीच्या पॅनेलवर एका कडेला गुलाबी, दुसरीकडे हिरवट झाक किंवा मळकट डाग दिसतात, जे दिवसा कधीच लक्षात येत नाहीत. फोन परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच ही चाचणी करावी.

रिफ्रेश रेट आणि टच सॅम्पलिंग रेट यांची गल्लतही नेहमी होते. पहिला आकडा पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो, आणि दुसरा बोटाचा स्पर्श किती वेळा तपासला जातो तो. जाहिरातीत मात्र मोठा आकडा पुढे केला जातो. १२० हर्ट्झवर प्रत्येक चित्र तयार करायला फोनला सुमारे ८.३ मिलिसेकंद मिळतात, ६० हर्ट्झवर १६.७. प्रोसेसर तेवढ्या वेळात चित्र पूर्ण करू शकला नाही, तर पडदा १२० हर्ट्झचा असूनही स्क्रोल करताना अडखळतो, आणि दोष डिस्प्लेच्या माथी मारला जातो. फोन प्रत्यक्षात किती वेगाने चालतो हे पाहण्यासाठी अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधील बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स सुरू करावेत आणि रिफ्रेश रेट दाखवण्याची सोय चालू करावी. कोपऱ्यात आकडा दिसू लागतो, आणि आपले नेहमीचे एखादे ॲप किंवा गेम ६० वरच अडकलेले आहे, हे अनेकांना तेव्हा प्रथमच कळते.

रात्री फोन पाहिल्यावर डोळे दुखत असतील तर केवळ निळ्या प्रकाशाला जबाबदार धरू नये. बरेच ओएलईडी पडदे चमक कमी करण्यासाठी प्रकाश अतिशय वेगाने चालू-बंद करतात. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. सर्वांना त्याचा त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना डोकेदुखीपर्यंत होतो. अंधारात कमी ब्राइटनेसवर पांढरे पान उघडून त्यासमोर पेन्सिल झपाट्याने हलवावी. पेन्सिलची सलग पुसट छटा न दिसता सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर लुकलुक मंद वेगाची आहे असे समजावे.

बॅटरी: एमएएच म्हणजे तास नव्हेत

दोन फोनच्या बॅटरीची क्षमता ५००० एमएएच असली, तरी एक रात्री झोपेपर्यंत टिकतो आणि दुसरा संध्याकाळीच चार्जर शोधायला लावतो. याचे कारण एमएएच हा आकडा केवळ साठ्याचा आहे; खर्च ठरवतात तो प्रोसेसर, मोडेम, डिस्प्ले आणि नेटवर्क. साठ्याची खरी तुलना करायची असेल तर वॉट-तास पाहावेत. ३.८७ व्होल्टच्या ५००० एमएएच बॅटरीत सुमारे १९.३५ वॉट-तास ऊर्जा मावते. कंपन्या क्षमतेचेही दोन आकडे देतात, ‘टिपिकल’ आणि ‘रेटेड’. त्यांपैकी लहान असलेला रेटेड आकडा म्हणजे किमान हमी, म्हणून तुलना त्याच्याशीच करावी. तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा साठवणाऱ्या सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांमुळे पातळ फोनमध्येही ६००० एमएएचच्या पुढे मजल गेली आहे, पण त्यानेही खर्चाचे गणित बदलत नाही.

इतरांच्या ‘स्क्रीन ऑन टाइम’चे, म्हणजे एका चार्जमध्ये पडदा किती वेळ चालू राहिला त्याचे, स्क्रीनशॉट पाहून फोन निवडणे हा तर निव्वळ जुगार आहे. त्या आठ तासांत ब्राइटनेस किती होता, वाय-फाय होते की मोबाइल डेटा, बाहेरचे तापमान काय होते, यांपैकी काहीही त्या चित्रात नसते. स्वतःची चाचणी साधी असावी: ठरावीक ब्राइटनेस, तेच नेटवर्क, तोच व्हिडिओ, आणि मोजणी ८० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत. १०० पासून मोजू नये, कारण टक्केवारी हा फोनने बांधलेला अंदाज असतो आणि वरचे काही टक्के अनेक फोनमध्ये रेंगाळतात.

त्रयस्थ आकड्यांसाठी एक सोय अलीकडे झाली आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या स्मार्टफोनवर ऊर्जा लेबल बंधनकारक आहे. त्यावर एका चार्जमधील टिकाव तास-मिनिटांत, बॅटरीची चार्जिंग चक्रे, पडण्याच्या चाचणीतील श्रेणी आणि दुरुस्तीसुलभतेची श्रेणी दिलेली असते, आणि किमान ८०० चक्रांनंतर बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, असा तेथील नियम आहे. तेच मॉडेल तेथे विकले जात असेल तर हे लेबल कोणालाही पाहता येते. मात्र दोन बाजारांत एकाच नावाच्या फोनची बॅटरी वेगवेगळ्या क्षमतेची असू शकते, हे आधी पडताळावे.

चार्जिंगच्या वॉटचा आकडाही कमाल असतो आणि तो काही मिनिटेच टिकतो. बॅटरी भरत आली की व्होल्टेज स्थिर ठेवून विद्युतप्रवाह हळूहळू कमी केला जातो, त्यामुळे शेवटचे २० टक्के नेहमीच सावकाश भरतात. चार्जिंग अचानक मंदावल्याची तक्रार असेल तर फोनला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी. ६७ किंवा ८० वॉटचे चार्जिंग बहुधा त्या कंपनीच्याच चार्जर व केबलवर मिळते आणि इतर जोडीवर वेग एकदम खाली येतो.

नवा फोन बॅटरी खातो तेव्हा

पहिल्या दोन-तीन दिवसांत फोन जुनी छायाचित्रे उतरवून त्यांची वर्गवारी करत असतो, ॲप अद्ययावत होत असतात आणि संदेशांच्या प्रती परत येत असतात, म्हणून आठवडाभर बॅटरीबद्दल मत बनवू नये. त्यानंतरही तक्रार राहिली तर रात्री झोपताना टक्केवारी लिहून ठेवावी आणि सकाळी पुन्हा पाहावी. वाय-फायवर नुसत्या पडून असलेल्या फोनची दोन-चार टक्के घट स्वाभाविक आहे, दहा-बारा टक्के नाही. बॅटरीच्या वापराच्या यादीत मोबाइल नेटवर्क वरच्या क्रमांकावर असेल तर सिग्नल कमकुवत आहे असे समजावे, कारण दूरच्या टॉवरशी संपर्क टिकवण्यासाठी फोनला जास्त शक्तीने प्रक्षेपण करावे लागते. अशा ठिकाणी ५जी बंद करून पाहावे.

उपाय म्हणून सुचवल्या जाणाऱ्या काही गोष्टी उपायच नसतात. बॅटरी पूर्ण रिकामी करून भरण्याची पद्धत निकेल-कॅडमियमच्या जमान्यातील आहे. लिथियम-आयनला तशी ‘स्मृती’ नसते, आणि वारंवार शून्यावर नेल्याने तिची झीजच होते. मागची सगळी ॲप सतत झटकून बंद केल्यास ती प्रत्येक वेळी नव्याने उघडताना अधिक ऊर्जा लागते. डार्क मोडचा फायदा केवळ ओएलईडीवर होतो आणि तोही ब्राइटनेसवर अवलंबून असतो: परड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात पूर्ण ब्राइटनेसवर सरासरी ३९ ते ४७ टक्के बचत दिसली, तर ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर ती फक्त ३ ते ९ टक्के होती.

फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेली ॲप बंद ठेवणाऱ्या स्थितीत, सुरू करून रात्रीची तीच मोजणी पुन्हा करावी. घट थांबली तर बाहेरून घेतलेले एखादे ॲप दोषी आहे आणि अलीकडे घेतलेली ॲप एकेक करून काढत गेल्यास ते सापडते. घट तशीच राहिली तर दोन्ही रात्रींची नोंद घेऊन सर्व्हिस सेंटर गाठावे. पाठीचे पॅनेल किंवा स्क्रीनची कड वर उचललेली दिसली, तर मात्र कोणतीही चाचणी करत बसू नये. बॅटरी फुगलेली असू शकते, म्हणून चार्जिंग त्याच क्षणी बंद करावे, फोन दाबून पाहू नये आणि तो तज्ज्ञाकडूनच उघडवून घ्यावा.